तायक्वांदो शिकवते, पण माझ्या मुलींना धरलेला हात सोडवता येतो का?

उगवती

नमस्कार मंडळी. सोळा वर्षं तायक्वांदो करते आहे, त्यातली नऊ वर्षं शिकवते. इथे रोज वाचते, लिहिते क्वचित. पण महिन्याभरापूर्वीची एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

माझी एक विद्यार्थिनी, वय सोळा, लाल पट्टा (काळ्याच्या आधीचा). पाच वर्षं माझ्याकडे आहे. तिची दोल्यो चागी (कंबर फिरवून बाजूने येणारी लाथ) अशी बसते की पॅड धरणाऱ्याच्या हाताला झिणझिण्या येतात. एका संध्याकाळी वर्ग संपला तरी ती दोबोक (सरावाचा गणवेश) न बदलता मॅटच्या कडेला बसून राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "ताई, परवा जिन्यात एकाने माझा हात धरला. ओळखीचाच आहे. मी सोड म्हणायचं सोडून हसले. मला एकही किक आठवली नाही." वरून कुणीतरी खाली येत होतं म्हणून त्याने हात सोडला. पुढे ती म्हणाली, "तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. तुम्ही एवढं शिकवलंत."

त्या रात्री मी आठवत बसले. पाच वर्षांत मी तिचा हात किती वेळा धरला असेल? पट्ट्याच्या परीक्षेपुरता, आठ-दहा वेळा. तोही आधी सांगून, ठरलेल्या बाजूने, आणि तिने मनगट फिरवताच लगेच सोडून देत. पायऱ्यांवर, पाठ भिंतीला टेकलेली, समोरचा माणूस हसतहसत बोलतोय आणि हात मात्र सोडत नाहीये, असं तिच्या सरावात कधी आलंच नव्हतं. लाज वाटायचीच असेल तर ती मला.

खेळावर माझा राग नाही. मी स्वतः स्पर्धा खेळले आहे. पण नियम बघा: ऑलिंपिक पद्धतीच्या क्योरुगीत (दोघांच्या लढतीत) तोंडावर ठोसा चालत नाही, कमरेखाली लाथ चालत नाही आणि पकडलं तर दंड होतो. धडावर साधा ठोसा १ गुण, धडावर लाथ २, डोक्यावर लाथ ३, गिरकी घेऊन मारली तर त्याहून २ जास्त. मुलं ज्याला गुण मिळतात तेच घोटवणार ना! जिन्यात मात्र नेमकं पकडलंच जातं.

माझा प्रश्न असा: कोरियन युद्धकला शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींनी स्वसंरक्षण, म्हणजे आपलं होसिनसुल, खरोखर कसं शिकवलंय? ज्यांना शिकूनही उपयोग झाला नाही त्यांनीही जरूर लिहा.

स्पष्टवक्ता

ताई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण मूळ मुद्दा वेगळा आहे. तायक्वांदो हा खेळ आहे, तेवढंच. स्वसंरक्षण हवं असेल तर मुलांना ज्युदो किंवा बॉक्सिंगला घाला. तिथे पहिल्या महिन्यापासून समोरचा खरा विरोध करतो. दोन हजार वर्षांची प्राचीन कला वगैरे सांगून पालकांची दिशाभूल होते ती वेगळीच.

जुना_विद्यार्थी

स्पष्टवक्ता, दोन हजार वर्षांबद्दल तुमचं बरोबर आहे आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी ते बोलणं थांबवायला हवं. आजचं तायक्वांदो १९४०च्या दशकात कोरियात निघालेल्या 'क्वान'मधून, म्हणजे तिथल्या घराण्यांमधून घडलं. १९४४ साली छुंग दो क्वान सुरू करणारे ली वोन-गुक जपानमध्ये कराटे शिकून आले होते. 'तायक्वांदो' हे नाव १९५५चं, तायक्वांदोचं सोलमधलं मुख्यालय कुक्कीवोन उभं राहिलं १९७२ साली. त्याआधी कोरियात लढण्याची कला नव्हती असा याचा अर्थ नाही. राजा जोंगजोच्या काळातला 'मुये दोबो तोंगजी' हा सचित्र ग्रंथ १७९०चा आहे आणि त्यात निःशस्त्र लढाईचाही भाग आहे. तेक्क्योन तर वेगळीच जुनी परंपरा. २०११ साली युनेस्कोच्या यादीत गेली.

पण "खेळ आहे, तेवढंच" हे पटत नाही. स्पर्धेचं तायक्वांदो ही एक फांदी. मी ज्या परंपरेत वाढलो ती छोई होंग-ही यांची. त्यांनी १९६६ साली सोलमध्येच आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. आमच्याकडे होसिनसुल हा अभ्यासक्रमाचाच भाग, शिवाय एक पाऊल, दोन पावलं, तीन पावलं अशी ठरावीक लढत असते.

आता कबुली देतो. तीस वर्षं ही एक पावलाची लढत मी चुकीची शिकवली. समोरचा एक पाय मागे घेतो, ओरडतो, पुढे येऊन ठोसा मारतो आणि तो हात तसाच हवेत ताणून ठेवतो. आपण निवांत अडवतो, तीन वार करतो, तो पुतळ्यासारखा उभा. खरा माणूस मारलेला हात परत ओढतो आणि लगेच दुसरा मारतो. सुरुवातीला अंतर कळण्यासाठी पुतळा ठीक आहे. मी काळ्या पट्ट्यापर्यंत मुलांना पुतळ्याबरोबरच ठेवलं, ही चूक माझी.

मनगट

मी हापकिदोवाला, म्हणजे पकडी सोडवण्याच्या आणि सांधे पिळण्याच्या कोरियन कलेतला, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: छोई योंग-सुल जपानमध्ये वाढले, युद्ध संपल्यावर कोरियात परतले आणि तेगू शहरात शिकवू लागले. जपानी दाइतो-र्यू जुजुत्सूशी हापकिदोचं नातं आहे. हापकिदो आणि आयकिदो लिहायची चिनी अक्षरंसुद्धा तीच. पुढे जी हान-जे यांच्यासारख्या शिष्यांनी त्यात लाथा आणि ठोसे मिसळले. म्हणून हापकिदोत पहिल्याच पट्ट्याला मनगट धरलं जातं आणि पुढे वर्षानुवर्षं धरलंच जातं. माझं इथलं नावही त्यावरूनच.

उगवतीताई, हात सोडवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी ते अर्धवट शिकवतात.

कुणी मनगट धरलं की आपण ओढतो. ओढलं की त्याची बोटं आणखी आवळतात, आणि ताकदीच्या खेळात मोठा माणूस जिंकतो. त्याच्या पकडीत एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. फट आहे ती अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात तिथे. आता स्वतःचं मनगट बघा: वरून चपटं, कडेने अरुंद. ती अरुंद कड त्या फटीसमोर येईल असा हात फिरवायचा. पंजा पूर्ण उघडायचा, बोटं ताणून पसरायची. हापकिदोत याला 'जिवंत हात' म्हणतात. असं केलं की मनगटातले स्नायू ताठ होतात आणि पकड थोडी तरी ढिली पडते. मग हात मागे न ओढता आपलं कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं आणि त्याच वेळी एक पाऊल आत टाकायचं. हे पाऊल सगळ्यांना उलटं वाटतं. पळायचं असताना जवळ कसं जायचं? पण कोपर वाकलं की हाताची तरफ होते, आणि त्याच्या एकट्या अंगठ्यावर तुमच्या अख्ख्या शरीराचा भार येतो.

आणि हे सगळं एका दमात व्हायला हवं. हळूहळू केलं की तो पकड बदलतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात धरणारा तीस टक्के जोर लावतो, मग अर्धा, मग पूर्ण. पूर्ण जोराला पहिल्यांदा कुणाचाच हात सुटत नाही. ते शिकणाऱ्याला कळू द्यावं. तिथून पुढे नडगीवर लाथ, तळहाताने तोंडावर धक्का असं लक्ष उडवणारं काहीतरी आधी करायला शिकवायचं.

चिऊची_आई

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, आत्ताच पिवळा पट्टा मिळाला. ती घरी येऊन सांगते, "आई, मी चोराच्या डोक्यावर किक मारणार." ऐकायला छान वाटतं, पण हा धागा वाचून पोटात गोळा आला. तिला खोटा धीर तर मिळत नाहीये ना? आणि मनगटवाल्या दादांचे हे सांधे पिळायचे प्रकार इतक्या लहान वयात शिकवावेत का?

उगवती

चिऊच्या आई, सांधे पिळणं इतक्यात नको. वाढीच्या वयातले सांधे आहेत, आणि एखादं मूल ते मित्रावर करून बघतंच. आठ वर्षांच्या मुलीला मी चार गोष्टी शिकवते: पडायचं कसं, ओरडायचं कसं, कुठे पळायचं आणि घरी सांगायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा घेते. "हे आपलं गुपित, आईला सांगू नकोस" असं कुणीही म्हणालं, अगदी मी म्हणाले तरी, ते त्याच दिवशी आईला सांगायचं. लहान मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा अनोळखी चोर नसतो. डोक्यावर लाथ मारू दे तिला, त्याने तिचं शरीर तयार होतंय. फक्त मोठ्या माणसाशी लढून जिंकता येतं असं तिला सांगू नका.

मनगट, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावलाय. 'आत पाऊल' हे आम्ही शिकवतच नव्हतो.

सांधा

फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः चार वर्षं हापकिदो केलंय. दोन गोष्टी.

एक, मूठ. कसलेल्या लोकांचीसुद्धा हातमोज्याशिवाय नुसत्या मुठीने कवटीवर ठोसा मारताना करंगळीमागचं हाड मोडतं. कवटी जाड, हाताची हाडं बारीक. म्हणून तळहाताच्या टाचेने मारायला शिकवा. तायक्वांदोत त्याला 'बातांगसोन' म्हणतात, पुमसेंमध्ये (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिकांमध्ये) आहेच. अगदी जवळ आलेल्यासाठी कोपर.

दोन, पडणं. कोरियन कलांमधली आयुष्यभर सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती विचाराल तर मी 'नाकबॉप' म्हणेन, पडण्याची पद्धत. हनुवटी छातीला, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, तळवा टेकवून तोल सावरायला जायचं नाही. पडताना माणूस आपोआप हात टेकतो आणि मनगटाचं हाड मोडून घेतो. त्याऐवजी अख्खा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, शरीराच्या बाजूला तिरका आपटायचा म्हणजे भार पसरतो. धक्का देऊन पाडलेल्या माणसाचं डोकं फरशीवर आपटणं हे ठोशापेक्षा किती तरी जास्त घातक असतं.

दुसरी_पाळी

मी नर्स आहे, रात्रीच्या पाळ्या असतात. चार वर्षांपूर्वी तायक्वांदोला जायचे, निळ्या पट्ट्यावर सोडलं.

मला एकदा माझं शिक्षण उपयोगी पडलं, पण लाथ एकही मारली नाही. वाहनतळावर एक माणूस माझ्या मागे मागे येत होता. मी वळले, दोन्ही पंजे उघडे छातीसमोर आले, एक पाय मागे गेला. ते आपोआप झालं, इतक्या वेळा 'जुनबी' (तयार राहा) ऐकलंय. आणि पोटातून आवाज निघाला: "तिथेच थांब!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो थांबला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. नंतर गाडीत बसल्यावर माझे हात इतके थरथरत होते की किल्ली लागेना. पाचव्यांदा लागली.

म्हणून उगवतीताई, तुमच्या त्या मुलीला सांगा, मलाही तेव्हा एकही किक आठवली नव्हती. किल्ली लावता येत नव्हती तर नाजूक काहीतरी कुठून जमणार? जे हजार वेळा केलंय आणि जे ढोबळ आहे तेवढंच उरतं.

उगवती

दुसरी_पाळी, हे तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग किल्लीचं वाक्य परत वाचायला सांगितलं.

तुमच्या आवाजावरून आठवलं ते लिहिते. गेल्या शनिवारी मी वर्गात एक प्रयोग केला. सगळ्यांना किहाप (वार करताना द्यायची आरोळी) द्यायला लावला, भिंती हादरल्या. मग जोड्या लावून म्हटलं, आता लाथ नाही, ठोसा नाही, समोरच्याने हात धरला की फक्त त्याच्या डोळ्यांत बघून "हात सोड" म्हणायचं. अख्ख्या वर्गाचा आवाज बसला. दोघीतिघी हसायलाच लागल्या. किहाप सगळे मिळून देतात आणि त्याला अर्थ नसतो, म्हणून तो मोठा निघतो. "हात सोड" हे एका माणसाला उद्देशून बोलावं लागतं.

आणि एक मुलगी म्हणाली, "ताई, तो माणूस मोठा असेल तर? 'सोड' कसं म्हणू?" ती सरावातही "सोडा ना" म्हणत होती. बरोबर आहे तिचं, मोठ्या माणसाला अरे-तुरे करायला जीभ वळत नाही. मी म्हटलं, 'सोडा' म्हण, काही हरकत नाही. फक्त तो 'ना' काढून टाक. दहा वेळा म्हणून घेतलं. अकराव्या वेळी धरणाऱ्या मुलाने खरंच दचकून हात सोडला, मी सांगितलेलं नसताना.

स्पष्टवक्ता

माझं मत थोडं बदलतंय हे कबूल करतो. पण मग चाकूचं काय? हापकिदोच्या प्रात्यक्षिकांत चाकूवाल्याला अलगद लोळवतात. तेही शिकवणार का?

मनगट

शिकवायला हवं असं मला वाटतं. कोन कळतात, हात कुठे असावेत ते कळतं, आणि काहीच शिकवलं नाही तर माणूस थिजतो. जी हान-जे यांनी राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांना हापकिदो शिकवलं होतं, ते काही शोभेसाठी नव्हतं.

उगवती

मनगट, इथे माझं तुमच्याशी जमणार नाही. अंगरक्षकाचं काम दुसऱ्याला वाचवण्याचं, तो पळू शकत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना पळता येतं.

आम्ही एकदा पांढरे टी-शर्ट घालून चाकूऐवजी जाड मार्कर घेतला. मार्कर धरणाऱ्याला सांगितलं, तुला हवा तसा वार कर, परत ओढ, पुन्हा कर. बचाव करायला दुसऱ्या डानचा (काळ्या पट्ट्याच्या दुसऱ्या पायरीचा) मुलगा होता, हाताने चपळ. वीस सेकंदांनी थांबलो तेव्हा त्याच्या दोन्ही दंडांवर, पोटावर रेघा होत्या आणि एक कानाखालून गळ्यापर्यंत. त्याने चाकूचा हात एकदा धरलाही होता, तरी ही अवस्था. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम असा: पाकीट, फोन मागितला तर लांब फेकायचा आणि उलट्या दिशेला पळायचं. पळायला जागाच नसेल तर हाताला येईल ती वस्तू मध्ये धरायची, खुर्ची, बॅग, काहीही. बारा वर्षांच्या मुलाला चाकू हिसकावण्याची युक्ती शिकवून घरी पाठवायची माझी हिंमत नाही.

मनगट

मार्करचा प्रयोग आम्हीही करून बघतो. मोठ्यांच्या वर्गात तरी तंत्र ठेवावं या मतावर मी आहे, पण लहानांबद्दल तुमचं मान्य.

जुना_विद्यार्थी

एक गोष्ट राहिली. पुमसे टाकून द्या म्हणणारे बरेच भेटतात. मी नाही टाकणार. तेगुक इल जांग या अगदी सुरुवातीच्या पुमसेची पहिलीच हालचाल घ्या: डावीकडे वळून खाली अडवणं, दुसरा हात कमरेला. मुलं विचारतात, तो हात कमरेला कशाला, तोंड उघडं पडतं की! मी आता शिकवतो की त्या हातात समोरच्याचं मनगट आहे असं समजा, ते ओढून कमरेशी आणा आणि खाली जाणारा हात त्याच्या कोपरावर टाका. हाच एक बरोबर अर्थ असं मी म्हणत नाही. पण जोडीदार देऊन करून घेतलं की पुमसेत जीव येतो, आणि मुलं घरी एकटी असतानाही त्याचा सराव करतात.

आणि शिकवणाऱ्यांसाठी: धरण्याचा सराव घेण्याआधी विचारा. प्रत्येक वेळी. "मी तुझं मनगट धरतोय, चालेल?" नाही म्हणाली तर दुसरी जोडीदार द्या, कारण विचारू नका. वर्गात तुमच्यासमोर कुणाच्या अंगावर काय गुजरलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. ज्या जागेत 'नाही' म्हणायला शिकवायचं, तिथे पहिलं 'नाही' साबोमनिमला, म्हणजे शिक्षकाला म्हणता आलं पाहिजे.

आडवाट

बऱ्याच वर्षांपासून वाचनमात्र आहे, हा पहिला प्रतिसाद. लहानपणी माझ्या बाबतीत जे घडलं त्यात मीही थिजले होते. कित्येक वर्षं वाटायचं, मी काहीच का केलं नाही? थिजणं हे शरीर आपोआप करतं, ते ठरवून होत नाही, हे मला तिशीत कुणीतरी सांगितलं. जे शिक्षक "असं केलंस तर सुटशील" शिकवतात त्यांनी "नाही सुटलीस तरी तुझी चूक नाही" हेही त्याच वर्गात, मोठ्याने सांगावं. जुना_विद्यार्थी, विचारून हात धरण्याबद्दल लिहिलंत, त्यासाठी आभार. मला अशा वर्गात जायला आवडलं असतं.

उगवती

आडवाट, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं ते वाक्य मी वर्ग सुरू होताना म्हणणार आहे. आणि वयाचं काही नसतं हो, माझ्याकडे एकावन्नाव्या वर्षी पांढरा पट्टा बांधलेल्या एक काकू आहेत.

दुसरी_पाळी

ती मुलगी कशी आहे आता?

उगवती

येते आहे. घरी सांगितलं तिने, आई सोबत आली होती. त्या मुलाच्या घरच्यांशीही बोलणं झालं. पुढचं लिहीत नाही, ते तिचं आहे.

परवा आम्ही सभागृह सोडून बाहेरच्या जिन्यात सराव केला. बूट घालून, पाठीला बॅग लावून. मी तिला विचारलं, तिने मान हलवली, मी दोन पायऱ्या वरून तिचं मनगट धरलं, पूर्ण जोराने. पहिल्या दोन वेळा नाही सुटलं. कारण खालच्या पायरीवरून 'आत पाऊल' टाकायला जागाच नसते, वर चढावं लागतं आणि तोल जातो. तिसऱ्या वेळी तिने कठडा एका हाताने धरला, माझ्या डोळ्यांत बघून "सोड" म्हणाली आणि पाऊल न टाकता सरळ खाली बसली. तिचं सगळं वजन माझ्या अंगठ्यावर आलं आणि हात निसटला.

मनगट, हे बसणं तुमच्याकडे शिकवतात का? मी तरी तिला शिकवलं नव्हतं.

मनगट

पायऱ्यांवर कधी करूनच बघितलं नाही. पण खाली बसताना तिचा कठड्याचा हात सुटला तर ती मागे गडगडेल, त्याचा विचार करा. खालच्या पायरीवर कुणाला तरी उभं करून, मागे मॅट लावून घ्या. या आठवड्यात आम्ही करतो आणि इथेच लिहितो.